खरा चाबूक

अनिसे बेलरोज आमच्या बेटावरच्या फोर-द-फ्रान्स शहराच्या बाजारात मासे कापायचा. काळाकभिन्न, आडदांड गडी. मोठ्या कुपा माशाचं मुंडकं एका घावात उडवायचा. संध्याकाळी आमच्या नाटकमंडळीत यायचा. मी तिथे कपडे शिवायचे.

त्या वर्षी आम्ही उसाच्या मळ्यातल्या गुलामांचं नाटक बसवलं. एक गुलाम दुसऱ्या गुलामाला जीव लावतो आणि मुकादम त्याला खांबाला बांधून फोडून काढतो. गुलाम अनिसे, मुकादम फ्युलबेर. फ्युलबेर उजळ वर्णाचा, कापडवाल्याचा मुलगा. त्या दोघांचं दोन वर्षं गुपचूप चाललेलं मला ठाऊक होतं.

प्रयोगाच्या आठवड्यात बोभाटा झाला. फ्युलबेरच्या भावांनी अनिसेला भर बाजारात लोळवलं.

"बायल्या! रंग उजळायला आमच्या तीन पिढ्या गेल्या, अन् तू कोळसा आमच्या पोराला नासवतोस?"

त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. मी म्हटलं, "नको उभा राहूस रविवारी."

"लेओनीज, तू पट्टी आवळ. घट्ट."

रविवारी दुपारी भाऊ पहिल्या रांगेत बसले होते. मी चिंध्यांचा चाबूक शिवून दिला होता. फ्युलबेर आला तो चामड्याचा घेऊन. पहिल्याच फटक्याला सदरा फाटला, खालची कातडीही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"फ्युलबेर, अरे मी आहे," अनिसे पुटपुटला. विंगेत मला ऐकू आलं.

"हाण अजून!" पहिल्या रांगेतून एक भाऊ ओरडला. फ्युलबेर रडत होता आणि मारत होता.

आठव्या फटक्याला अनिसेनं हिसका देऊन दोर तोडला. चाबूक धरून फ्युलबेरला जवळ ओढलं आणि एक ठोसा दिला. जबडा मोडल्याचा आवाज मागपर्यंत गेला.

मग तो लोकांकडे वळला. "हे नाटकात नाही. ह्याच पाठीवरून ह्यानं दोन वर्षं हात फिरवलाय."

खुर्च्या उडाल्या. तोच भाऊ सुरा काढून वर चढला, तेव्हा मी त्याच्या पंजात कात्री खुपसली.

अनिसेला आठ महिने तुरुंग झाला. कोर्टात त्याची पाठ कोणी पाहिली नाही. फ्युलबेर वाकडा जबडा घेऊन पॅरिसला गेला आणि तिथे त्यानं लग्न केलं. सुटून आल्यावर अनिसेच्या ठेल्यावर वर्षभर बायका फिरकल्या नाहीत. मग ताज्या मासळीपायी आल्या.

पुढे तो एका गवंड्याबरोबर उघड राहिला, मरेपर्यंत. रस्त्यावरून कोणी शिवी हासडली की दारात येऊन शांतपणे विचारायचा, "नाव काय तुझं? आत येऊन बोल."

आत कोणी गेलं नाही.