वहिनीने खाली उतरवलेला घोडा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकही माणूस नाही. दुपारचे दोन. पत्र्याचं लांबलचक छप्पर आणि त्याखाली घोडे ठेवायची आठ ठाणी, एकाला एक लागून. मधे अंगण, पण नुसतं म्हणायला. घोट्यापर्यंत लीद आणि चिखल. उजवीकडे पाण्याची टाकी, पाणी हिरवंगार. डावीकडे उघडं फाटक, फाटकाबाहेर मोठा ट्रक, त्याची मागची फळी उतार करून जमिनीला टेकवलेली. आवाज म्हणाल तर फक्त माश्यांचा. मग फाटकातून एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई आत येते. पुढे चामड्याचा एप्रन, हातात लोखंडी पेटी, डोक्याला रुमाल, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

ही माझी वहिनी. वय एकसष्ट. धंदा नालबंदाचा, म्हणजे घोड्यांचे खूर तासायचे आणि नाल ठोकायचे.

धंदा खरा माझ्या भावाचा. लग्न होऊन वहिनी घरी आली तेव्हा ती घोड्याला इतकी भ्यायची, की भाऊ कामावरून आला की त्याला आधी दाराबाहेर कपडे झटकायला लावायची. माझा भाऊ म्हणजे आडदांड गडी. घोड्याचा पाय खस्सकन ओढायचा, गुडघ्यांत दाबायचा आणि कानस चालवायला लागायचा. घोडाही काही कमी नसतो. असाच एक दिवस एका घोड्याने सगळं वजन त्याच्यावर टाकलं आणि भावाची पाठ गेली ती गेलीच. वर्षभर अंथरुणावर. घरात दोन लहान मुली, आणि मी नाटकाच्या दौऱ्यांवर गावोगाव. तेव्हा चाळिशीला आलेल्या वहिनीने ती पेटी उचलली.

पहिल्याच आठवड्यात एका घोड्याने तिला गवताच्या गंजीत भिरकावलं. केसांत काड्या, कोपर सोललेलं, अशी घरी आली आणि मला म्हणाली, "वन्सं, घोडा म्हणजे अगदी तुमच्या भावासारखा हो. ओढलं की अडतो."

त्या दिवसापासून तिने पाय ओढणं सोडलं. ती घोड्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते. हात पाठीवरून खाली, गुडघ्यावरून घोट्यापर्यंत नेते आणि तिथे थांबते. घोडा आपणहून वजन दुसऱ्या पायावर घेतो आणि हा पाय तिच्या हातात सोडतो. कधी मिनिटात, कधी वीस मिनिटांनी. भाऊ जवळच्या खुर्चीवरून चरफडायचा. "अगं, एवढ्या वेळात मी चारी पाय उरकले असते."

"आणि पाठही," ती म्हणायची.

आता त्या पागेबद्दल. तिथे लोकांचे घोडे महिन्याच्या भाड्याने सांभाळायचे. ज्यांचे घोडे ते लांबच्या शहरात. पूर्वी रविवारी यायचे, मग वर्षातून एकदा, मग तेही नाही. पागेचा मालक दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. आळशी होता, आणि आळसाला उंच भिंतीचा आडोसा मिळाला की काय होतं ते आत दिसत होतं. वहिनी तिथे दर सहा आठवड्यांनी जायची. गेल्या वर्षी त्याने निरोप धाडला, घोडे सध्या कामात नाहीत, येऊ नका. ती गेली नाही. आठ महिने गेले. एकदा दुसरीकडचं काम उरकून ती त्या भिंतीकडेच्या गल्लीतून चालली होती आणि आतून आवाज आला, फट, फट, फट, कुणी ढिल्या चपला घालून चालावं तसा. दुसऱ्या कुणाला त्यात काही कळलं नसतं. वहिनीला कळलं की आत एका घोड्याचे खूर बेसुमार वाढलेत. पेटीवर चढून तिने भिंतीवरून डोकावलं.

दुसऱ्या दिवशी ती जनावरांच्या खात्यात हजर. चार खेपा घातल्या. तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, "तुम्हाला आधी का नाही समजलं?"

वहिनी म्हणाली, "समजलं असतं. पण येऊ नका म्हणाले तेव्हा मला बरंच वाटलं. रस्ता लांबचा होता."

मी शेजारी बसले होते. असं स्वतःविरुद्ध सरळ बोलताना मी फार थोडी माणसं पाहिली आहेत.

शेवटी हुकूम निघाला. आठही घोडे त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर काढायचे. पाचच्या ठोक्याला जो घोडा फाटकाच्या आत असेल, तो सुनावणी होईपर्यंत तिथेच राहील. सुनावणी तीन महिन्यांनी. त्या घोड्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. तीन महिने काढायची ताकद त्यांच्यातल्या कुणात होती असं मला वाटत नाही.

तर दुपारी दोनला आम्ही पोचलो. वहिनी, अधिकारी बाई, ट्रकचा ड्रायव्हर आणि मी. भाऊ पाठीमागे उशी लावून ट्रकच्या पुढच्या सीटवर. वहिनीने माझ्या हातात यादी आणि पेन्सिल दिली. "वन्सं, तुमचा आवाज खणखणीत. एकेक वर चढला की आकडा सांगा."

अधिकारी बाईंनी क्रम ठरवला. जे धड चालतात ते आधी, सगळ्यात वाईट अवस्थेतली एक बदामी घोडी शेवटी, म्हणजे तिला निवांत वेळ देता येईल. वहिनीने मान डोलावली. एकेकाचे खूर ती तेवढ्यापुरते छाटायची, फळीवर पाय टिकेल इतकेच, आणि ड्रायव्हर तोंडाला बांधलेली दोराची मोरकी धरून वर न्यायचा. चार वाजून दहा मिनिटांनी पांढरा म्हातारा घोडा चढला. पंचवीस वर्षांचा. वहिनीने आयुष्यातला पहिला नाल ठोकला तो त्याच्या खुराला, म्हणून त्याच्याशी ती नेहमी जरा जास्त बोलायची. मी मोठ्याने "सात" म्हटलं.

तोच शेवटच्या ठाणातून फळी फुटल्याचा आवाज आला.

पांढऱ्याच्या शेजारीच त्या बदामी घोडीचं ठाण. तो गेला आणि ती एकटी उरली. पुढचे दोन्ही खूर वाढून टोकाशी वर वळलेले, त्यामुळे तिला नीट उभंही राहता येत नव्हतं. तरी ती गरगर फिरत होती, भिंतींवर अंग आपटत होती. ड्रायव्हर दोर घेऊन आत गेला आणि खांदा चोळत बाहेर आला. "मावशी, ही काही ऐकायची नाही."

"गुंगीचं इंजेक्शन?" मी विचारलं.

अधिकारी बाईंनी मान हलवली. "इतकी हडकुळी आहे. झोपली तर उठायची नाही."

"माझी चूक," वहिनी म्हणाली. "मघाशी मान डोलावली तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. सगळे निघून गेले म्हणजे मागे काहीतरी आपल्याला खायला आलंय, एवढंच घोड्याला कळतं. एकटं कुणालाच ठेवायचं नसतं."

मालक एव्हाना येऊन टाकीच्या कठड्यावर बसला होता. त्याने घड्याळ पाहिलं. "पाचला चौतीस कमी."

वहिनीने रुमालाने तोंड पुसलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "पांढऱ्याला खाली आण."

अधिकारी बाई दचकल्या. "बाई, तो बाहेर पडलाय. परत फाटकाच्या आत आणला आणि हिने पाय दिला नाही, तर दोघं राहतील. हुकूम मला बदलता येत नाही."

"आत आला की माझा," कठड्यावरून आवाज आला. "कागदावर तसंच आहे."

ट्रकच्या खिडकीतून भावाने अर्धं अंग बाहेर काढलं. "अगं, सात तर सात. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला? तो पांढरा तुझाच ना लाडका?"

"म्हणूनच तर हे काम त्याला सांगतेय," वहिनी म्हणाली. "तुम्ही उशी नीट करा."

पण परवानगी तिच्या हातात नव्हती. ती अधिकारी बाईंसमोर उभी राहिली, हात एप्रनला पुसत. बाई पन्नाशीच्या, नोकरीत मुरलेल्या. हातातला हुकूम त्यांनी दोनदा उलटसुलट केला. मग म्हणाल्या, "उद्या मला विचारलं तर मी सांगेन, मीच सांगितलं होतं. आणा."

पांढरा फळीवरून उतरला. एकेक पाऊल जपून, जिना उतरणाऱ्या वृद्धासारखा. फाटकातून आत आला, चिखलातून सरळ आपल्या जुन्या शेजारणीकडे गेला आणि ठाणाच्या आडव्या फळीवरून त्याने मान आत घातली. घोडी थांबली. तिच्या बरगड्या वरखाली होत होत्या. तिने नाक त्याच्या मानेला लावलं.

वहिनी आत शिरली. खांद्याला खांदा. हात पाठीवरून खाली, गुडघा, घोटा. आणि थांबली.

मी पडद्याआड उभं राहून पुष्कळदा वाट पाहिली आहे, पण अशी वाट कधी पाहिली नव्हती. कुणी हलेना. मालक मात्र मधूनमधून सांगत होता. "वीस." "सतरा." अधिकारी बाईंचं नख दातांत. "तेरा." मला वाटत होतं ओरडावं, वहिनी, आता तरी ओढ. ती घोडीशी काहीबाही बोलत होती, हळू आवाजात, मुलीच्या बाळंतपणाबद्दल, छपराच्या गळतीबद्दल.

"अकरा," मालक म्हणाला, आणि घोडीने वजन उजवीकडे घेतलं. डावा पाय वहिनीच्या तळहातात आला.

मग मात्र तिचे हात असे चालले की काय सांगू. मोठ्या पकडीने खुराचं टोक कटकन तोडलं. करवंटीएवढा तुकडा चिखलात पडला. दोनदा कानस, बस. दुसरा पाय घोडीने मागायच्या आधीच दिला.

पांढरा पुढे, घोडी मागे, तिचं नाक त्याच्या शेपटीपाशी. खूर छाटल्यावर ती चालत होती ती बिचकत, जणू जमीन नवीच आहे. वाटेत लीद भरायचा एक हातगाडा आडवा पडला होता. मालक उठला. त्याने हातगाडा ओढून बाजूला केला आणि तिथेच उभा राहिला. घड्याळ पाहायचं त्याने कधीच थांबवलं होतं.

"तिला सुकं गवत घशात अडकतं," तो वहिनीला म्हणाला. "भिजवून घाला."

"माहीत होतं तर घातलं का नाहीत?"

पांढरा चढला. घोडीचा पाय फळीवर एकदा घसरला, मग टेकला, मग ती चढली. "आठ," मी म्हटलं आणि यादीवर शेवटची खूण केली. अधिकारी बाईंच्या घड्याळात पाचला चार कमी होते.

पुढचं थोडक्यात सांगते. आठही घोडे आता गावाबाहेरच्या एका मोकळ्या कुरणावर आहेत. दोन घोड्यांचे मालक लाजत येऊन त्यांना भेटून गेले. बदामीच्या अंगावर मांस धरलंय, आयाळ नीट वाढलीय, आणि पांढऱ्याला एकट्याला दाण्याची चंदी दिली तर ती दाराशी दंगा करते. वहिनी दर सहा आठवड्यांनी जाते. ठरलेला दिवस पावसाने हुकला तर दुसऱ्या दिवशी जाते.

त्या संध्याकाळी अधिकारी बाई आपल्या गाडीने गेल्या आणि आम्ही चौघं, ड्रायव्हर धरून, ट्रकच्या पुढच्या भागात दाटीवाटीने बसून परत निघालो होतो. मागून खुरांचे आवाज येत होते. समोर रस्त्याकडे बघतच भावाने विचारलं, "आणि पाचपर्यंत तिने पाय दिलाच नसता तर?"

वहिनीने चष्मा काढला, एप्रनच्या आतल्या बाजूला पुसला, परत लावला.

"तर मी राहिले असते तीन महिने त्या दोघांपाशी. तुम्ही आपला रोज दुपारी डबा आणून दिला असतात."