खंडेनवमीला बंद केलेलं गणित

अन्याय माझ्या अक्काच्या वाट्याला आला. माझ्या थोरल्या बहिणीच्या. कधी, तर गेल्या खंडेनवमीच्या सकाळी. कुठे, तर जळगावातल्या तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत. "चुकून झालं" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी आधी पुढचं वाचावं.

अक्का पीएचडी करत होती. तिचा प्रश्न असा : अतिशय थंडीत, जिथे रेणू जवळजवळ गोठल्यासारखे हळू फिरतात, तिथे थरथरणारा एक रेणू दुसऱ्यावर आदळला की आपली थरथर त्याला देतो का? मला कळेना, तेव्हा ती म्हणाली, "पारोळ्याचा बाजार आठव. घाईतला माणूस धक्का देऊन निघून जातो. रमतगमत चाललेले दोघं भेटले की थांबतात, एकमेकांना सोडत नाहीत, आणि पोटातलं सांगून मोकळे होतात. रेणूंचंही कधीकधी तसंच होतं."

हे गणित संगणकावर आठवडेच्या आठवडे चाले. जितकी थंडी जास्त, तितका वेळ जास्त. प्रोग्राम जुना, उत्तर एकदम शेवटी देणारा; मधे थांबला तर सगळं पहिल्यापासून. वीज गेली तरी चालावं म्हणून तिने बॅटरी बसवून घेतली होती. पडद्यावर कागद चिकटवला होता : बंद करू नये. प्रबंधाची मुदत दिवाळीपर्यंत होती. सणाला ती निर्धास्त घरी आली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. संगणकाला झेंडूचा हार, कागदावर हळदकुंकू. पडदा काळा. विभागप्रमुख हसत आले.

"सर, हे कोणी बंद केलं?"

"अगं, चालू मशीनला हार घालतात का? वर्षातून एक दिवस त्यालाही विश्रांती हवी. घे, सोनं घे."

अक्काने आपट्याचं पान घेतलं. नमस्कारही केला. मला तिचा राग आला, अजून येतो.

घरी आईने विचारलं, "बठ्ठं गयं का व माय?"

"बठ्ठं गयं." सगळं गेलं होतं.

मी म्हटलं, पत्रक काढते. अक्का म्हणाली, "काढ. रेणू वाचून लोक विचारतील, कोणाची पोरगी ही? आणि पूजेविरुद्ध लिहिलंस तर तुलाच बदडतील."

पूजेविरुद्ध मी लिहीत नाहीये. आमच्या घरीही कोयत्याला कुंकू लागतं. पण दुसऱ्याच्या हातातलं काम थांबवून कोणी हार घालत नाही.

कॉलेजने मुदतवाढ नाकारली. सण हे कारण होत नाही म्हणे! नोंदणी रद्द झाली. अक्का आता धुळ्याला क्लासमध्ये प्रवेशपरीक्षेचे प्रश्न सोडवून घेते. गणित पुन्हा लाव म्हटलं तर म्हणते, "कोणासाठी?" ती परत बसेल असं मला आता वाटतही नाही.

तरी मुदत तिला मिळायला हवी. नाकारायची तर तिने नाकारावी, त्यांनी नाही. या कॉलेजातून तुम्ही शिकलात, तुमची पोरं तिथे शिकतात. प्राचार्यांच्या दालनात जा आणि तोंडावर सांगा : संगणक तुमच्याच विभागाने बंद केला, नोंदणी परत करा. बाहेर उभं राहून हळहळू नका. आत जा.