नऊ नंबरची रिकामी खोली

मोजमापाची मला भारी हौस. त्यामुळे आमच्या कॉलेजातली कुठली खोली दिवसातून किती वेळ वापरात असते ते तपासायचं काम निघालं, तेव्हा प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

बाहेरून समिती यायची होती. तिला दाखवायला तासातासाची नोंद हवी होती: खोली कोणती, वेळ काय, आत माणसं किती. पॅड छातीशी धरून मी महिनाभर अकरा ते पाच अशी काही फिरले, की मला पाहताच गप्पा मारत बसलेले सहकारी खडू उचलायचे. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती.

नऊ नंबरपुढे मात्र रोज शून्य. जिन्याजवळची लहानशी खोली, सहा बाकं. फरशी लख्ख, बाकांवर धुळीचा कण नाही, खिडक्या लावलेल्या. मी ठसक्यात शेरा मारला, ‘वापराची कोणतीही खूण नाही.’ प्राचार्यांनी लगेच ठरवलं, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तिथे ठेवायचे आणि सोमवारी कुलूप घालायचं.

शनिवारी आमच्या शिपाई मावशींनी चहाचा कप माझ्यापुढे आदळला. मावशी एरवी बडबड्या. आज सरळ पाठ फिरवून निघाल्या. काय झालं म्हणून विचारलं.

“नऊ नंबर रिकामी शे अशं तुम्ही लिखं ना?”

“रिकामीच आहे, मावशी. महिनाभर बघतेय.”

“तुम्ही अकराले येतस. पोरी साडेसातले येतस. दार मी उघडी देस.”

मग त्यांनी मला समजावलं, अगदी लहान मुलीला समजवावं तसं. वर डोंगरातल्या मोलगीकडून पोरींना आणणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही. भरण्याची खात्री फक्त पहाटे. नंतरची मिळेल, न मिळेल. म्हणून त्या पोरी तास सुरू व्हायच्या तीन-साडेतीन तास आधीच येऊन बसतात.

“मग खोलीत काहीच कसं दिसत नाही?”

“झाडीसन जातस ना त्या. आपली खोली नही म्हणीसन.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रोज जागा झाडून ठेवत होत्या आणि मी त्या स्वच्छतेवरच बोट ठेवून त्यांना बाहेर काढत होते.

सोमवारी घरून, म्हणजे नंदुरबारहून, पहिली एसटी पकडून आठच्या आत पोहोचले. खोलीत अकरा जणी होत्या. भाकरीची फडकी उघडलेली, एक जण माझ्याच तासाच्या वहीतून मोठ्यानं वाचत होती, दुसरी तिच्या चुका काढत होती. मला बघून सगळ्या ताडकन उठल्या. एकीनं कोपऱ्यातला झाडू उचलला. “जातोच मॅडम,” ती म्हणाली.

मी तडक प्राचार्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. ते आल्यावर सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही, पण कागदाचा. “मॅडम, तक्त्यात आठचा रकानाच नाही. खाली सही तुमची आहे. आणि गठ्ठ्यांना जागा तर लागणारच ना?”

मी चिडले. खरं तर स्वतःवरच. तणतणत माझ्या खोलीत आले, दार लावलं, पंखा सुरू केला आणि खुर्चीच्या पाठीवरच्या माझ्या टॉवेलकडे बघत बसले. भूगोल विभागाची ती ऐसपैस खोली. विभाग म्हणजे मी एकटी. अख्खं कॉलेज मोजलं, पण ही खोली मोजायचं मला सुचलंच नव्हतं. दिवसातून फार तर दोन तास मी इथे टेकते.

“गठ्ठे माझ्या खोलीत टाका,” मी परत जाऊन सांगितलं. मला ताप आलाय की काय, अशा नजरेनं प्राचार्यांनी पाहिलं.

“आणि तुम्ही कुठे बसणार?”

“बघते,” म्हटलं.

संध्याकाळपर्यंत माझं टेबल गठ्ठ्यांखाली गडप झालं. खोली सोडताना वाईट वाटलं, नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ नंबर उघडी राहिलीय ना, ते बघायला पुन्हा लवकर गेले. झाडूवाली मुलगी दारातच भेटली. तिच्या घरची बोली वेगळी. माझ्याशी बोलताना एकेक शब्द जपून टाकायची.

“मॅडम, तुमची खोली काढून घेतली ना?”

तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतकी कळकळ होती की खरं काय ते माझ्या तोंडून निघेना. आत खिडकीजवळचं बाक पुसून मोकळं ठेवलेलं होतं. बाकीच्या दाटीवाटीनं बसल्या होत्या.

“तुम्ही इथं बसत जा,” ती म्हणाली. “आम्ही सरकून बसू. आणि मावशी दार साडेसातला उघडतात.”