भरली टाकी जागची हलणार नाही

जयमालाच्या धंद्याचं नाव निघालं की भावकीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसतात, आणि लग्नसराईत त्याच बायका तिच्या गाडीपुढे रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असतात. या एका गोष्टीनं जयमालाचं डोकं जितकं फिरतं तितकं दुसऱ्या कशानं फिरत नाही.

धंदा अगदी सरळ आहे. मोशीतलं त्यांचं रान रस्त्यात आणि सोसायट्यांत गेलं, दारात ट्रॅक्टर तेवढा उरला. नांगरायला वावर नाही आणि ट्रॅक्टर विकवत नाही, अशा अवस्थेत नवरा-बायकोनं चाकांवरची शौचालयाची गाडी बांधून घेतली. चार खोल्या, वर टपावर पाण्याची टाकी, खाली मैल्याची टाकी. प्रत्येक खोलीत आरसा, नीट लागणारी कडी आणि पर्स अडकवायला खुंटी. लग्नाच्या लॉन्सवर जेवणात पाच प्रकारची पक्वान्नं असतात, कारंजं असतं, नवरीला उतरायला पालखी असते. पण बायकांनी जायचं कुठं, हा विचार करायला कुणाला सवड नसते. ती सोय जयमालाची गाडी करते, आणि गावानं तिला नाव ठेवलंय ‘संडासवाली’. ठेवू देत. जे सोय करतात त्यांनाच नावं ठेवायची आपली रीत आहे.

या धंद्यात तिचा एकच कायदा. बुकिंग घेतानाच ती सांगते, भरली टाकी जागची हलणार नाही. कार्य उरकलं की मैला उपसणारी गाडी जागेवर येईल, टाकी रिकामी करेल, वरचं पाणी सोडलं जाईल, मगच ट्रॅक्टर जोडायचा. सगळे ‘हो हो’ म्हणतात आणि विसरतात.

हा कायदा तिला फार महागात पडून मिळालाय. पहिल्याच वर्षी चाकणकडे एका कार्यक्रमात संयोजक घाईला आला होता. मैदान मोकळं करा, भरलीय तशी न्या, म्हणून मागेच लागला. तिचा नवरा दिग्विजय भिडस्त माणूस. “हळू नेतो,” म्हणाला आणि निघाला. उतारावर मागं जोडलेल्या भरल्या गाडीनं ट्रॅक्टरला असं ढकललं की ट्रॅक्टर आडवा फिरला आणि दिग्विजयचा गुडघा मधे सापडला. तेव्हापासून तो काठी घेऊन चालतो आणि घरी बसून बुकिंगचे फोन घेतो. संयोजक दवाखान्यात एकदाही फिरकला नाही. पुढच्या वर्षी मात्र कार्यक्रमासाठी त्याचाच फोन आला, दर कमी करा म्हणून!

आता ट्रॅक्टर ज्योतीराम चालवतो. लातूरकडचा, कामाला वाघ, नुकतंच लग्न झालेला.

त्या दिवशी लॉन्स होतं टेकाडावरचं, उद्धवरावांचं. दुपारचं लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि खालची मैल्याची टाकी काठोकाठ भरली; वरची पाण्याची टाकीही लॉन्सच्या नळीनं पुन्हा भरलेली. संध्याकाळी त्याच लॉन्सवर दुसऱ्यांचा साखरपुडा. दारात झेंडूची नवी कमान उभी राहत होती. जयमालानं सांगितलेली मैल्याची गाडी वेळेवर आली, आणि उद्धवरावांनी ती फाटकाबाहेरच थांबवली.

“या कमानीखालनं मैल्याची गाडी आत येणार? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? पाहुणे यायला लागलेत. तुमची गाडी आहे तशी घ्या खाली. काय उपसायचं ते खाली उपसा.”

“भरली टाकी उतारावर नेत न्हाई आमी. बुकिंगलाच सांगितलं हाय तसं.”

“अहो बाई, दुधाचे टँकर भरून पळतात, पाण्याचे पळतात. तुमच्यातच काय सोनं भरलंय?”

“टँकर भरून पळायलाच केलेला असतो. त्याला ब्रेक असतो. माझ्या गाडीला स्वतःचा ब्रेक न्हाई. वर पाणी, खाली मैला, उतारावर सगळं ओझं ट्रॅक्टरवर येतंय.”

“मग मागं ओढा आहे. सोडा त्यात आणि व्हा रिकामे!”

जयमालाच्या अंगाची लाही लाही झाली. तो ओढा खाली इंद्रायणीला मिळतो, आणि इंद्रायणी तिच्या दारावरून जाते. लोकांची घाण लोकांच्या डोळ्यांआड करायची आणि सोडायची कुठं, तर तिच्याच गावाच्या पाण्यात! सकाळपासून याच माणसाच्या लॉन्सवरच्या बायका तिच्या खोल्या वापरत होत्या. वापरताना लाज नव्हती, उपसताना बरी लाज आली.

“ओढ्यात एक थेंब जाणार न्हाई,” ती म्हणाली. “आन् गाडी हलणार न्हाई.”

उद्धवरावांनी तिच्याकडे पाठच फिरवली. ज्योतीरामला बाजूला घेतलं, खांद्यावर हात टाकला, खिशातनं नोटा काढून त्याच्या मुठीत कोंबल्या. ज्योतीराम आला तो हसतच.

“वैनी, नेतो की मी. लई हळू नेतो. काय होतंय त्याला?”

शब्द तेच होते. दिग्विजयही असाच हसत ‘हळू नेतो’ म्हणाला होता. जयमालानं पुढं होऊन ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि कमरेला खोचली.

“वैनी, माझा भरवसा न्हाई का तुमाला?” ज्योतीराम दुखावला.

“तुझा हाय. उताराचा न्हाई.”

मग उद्धवरावांनी हमखास उपाय केला. बाई ऐकत नसली की नवऱ्याला फोन लावायचा! स्पीकर चालू करून, चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, “दिग्विजयराव, जरा समजवा की मंडळींना. घरात तुमचं ऐकतात का नाही?”

आणि दिग्विजय, ज्याच्या पायासाठी हा कायदा झाला, तोच म्हणाला, “अगं, मोठी माणसं हायेत. सारा सीझन त्यांच्याकडं हाय. ज्योतीराम सावकाश नेईल. ने की.”

जयमालाला रडू फुटलं असतं, पण संतापानं ते वरच्या वर आटलं. परक्यानं म्हणावं ते समजू शकतं. घरच्यानं, आणि तेही काठी हातात धरून?

“बरं,” ती फोनकडे तोंड करून म्हणाली. “ज्योतीरामला न्हाई सांगत मी. तुमी या. तुमी बसा स्टेअरिंगवर, मी किल्ली देते.”

चार माणसं इकडेतिकडे बघू लागली.

“उद्धवराव,” दिग्विजय शेवटी म्हणाला, “मैल्याची गाडी आत घ्या. त्याशिवाय गाडी हलत न्हाई.”

उद्धवरावांनी फोन बंद केला, जयमालाला ऐकू जाईल असं काहीतरी पुटपुटले आणि मंडपवाल्यांवर ओरडले. मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. मैल्याची गाडी कमानीखालनं आत येताना दोन्ही बाजूंनी मंडपवाली पोरं लाल-सोनेरी पडदा धरून तिच्याबरोबर चालत होती, जणू आत नवरीच आहे. पंपाची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून सनईची टेप मोठ्यानं लावली. जयमालाला हसू यायला हवं होतं, पण ते आलं नाही. एवढा थाट लपवाछपवीला जमतो, मग सरळ कामाला का जमत नाही, हेच तिच्या डोक्यात घणघणत राहिलं.

टाकी रिकामी झाली. वरचं पाणी कडेच्या झाडांना सोडलं. ज्योतीरामनं तोंड पाडूनच ट्रॅक्टर जोडला, कारण नोटा उद्धवरावांनी परत मागून घेतल्या होत्या.

“पुढच्या खेपेला दुसरी गाडी बघू,” उद्धवराव जाता जाता म्हणाले.

“बघा,” जयमाला म्हणाली. “तिला उतार लागत नसंल तर बरं हाय.”

ती मडगार्डवर बसली. ऊन उतरत होतं. फाटकाबाहेर ज्योतीरामची कुरकुर सुरू झाली. बघा वैनी, उगीच माणूस तोडला, रस्ता मोकळा होता, मी काय नवीन हाय का. उतार लागला. ज्योतीरामनं गिअर खाली घेतला, ब्रेकवर पाय ठेवला, आणि मागून गाडीनं असा दणका दिला की ट्रॅक्टरचं तोंड कडेच्या नालीकडे वळायला लागलं. त्यानं दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढून धरलं. ट्रॅक्टर सरळ झाला. त्याची कुरकुर थांबली होती.

काही अंतर गेल्यावर, मागं वळून न बघता, त्यानं विचारलं, “वैनी, टाकी रिकामीच हाय न्हवं?”

“पार रिकामी,” जयमाला म्हणाली.