आज येनार नाय

भागूबाई खाडीकडच्या आमच्या गावची. एव्हरशाईन सिटीत एका सोसायटीच्या फाटकाशी ती भाजी घेऊन बसते. वांगी, शेवग्याच्या शेंगा, अळूच्या जुड्या. इमारती नव्हत्या तेव्हाही ती तिथेच बसायची, एका चिंचेखाली. चिंच गेली, भागूबाई राहिली. आपली वाट बघून कुणी रिकाम्या हाताने परत जाऊ नये, एवढं एकच व्रत तिने आयुष्यभर पाळलं.

भातलावणीच्या आदल्या संध्याकाळी तिने पहिल्या मजल्यावरच्या क्षितिजाला हाक मारली. क्षितिजा कॉलेजात जाते आणि सोसायटीचं फेसबुकचं पान सांभाळते. उद्या शेतावर जायचंय, तेवढं सगळ्यांना कळव, असं भागूबाईने सांगितलं. क्षितिजा ‘उद्या’ लिहू लागली तशी भागूबाईने तिला थांबवलं.

“लोकं वाचनार सकाली. मंग ‘आज’ लिव.”

क्षितिजाने तिचा फोटो काढला. कॅमेरा बघून भागूबाईने पोलिसासारखा पंजा वर केला. खाली तिचेच शब्द आले: ‘आज येनार नाय. कोनी वाट बघू नका.’ ‘न’चा ‘ण’ कर, असं क्षितिजाची आई म्हणाली, पण मुलीने ऐकलं नाही. मावशी जशा बोलतात तसंच राहू दे, म्हणाली. सकाळी तिने तो फोटो टाकला.

दुपारपर्यंत लोकांनी त्याच फोटोत तिच्या डोक्यावर बारीक अक्षरांत आपापल्या ओळी घातल्या: कुणी ‘पाण्याचा टँकर’ लिहिलं, कुणी ‘पगारवाढ’, कुणी ‘परीक्षेचा निकाल’. चार दिवसांत फोटो कुठल्या कुठे गेला. पोरं फाटकाशी येऊन ‘येनार नाय’ म्हणून दाखवा, असा हट्ट धरू लागली. ती म्हणूनही दाखवी. एक जण तिच्या ‘न’ला हसला, तेव्हा ती शेंगा मोजता मोजता म्हणाली, “आमचा न तुला कुठं टोचला रं बाला?” तो ओशाळला, आणि जाताना दोन जुड्या घेऊन गेला.

भागूबाईला सल होता तो वेगळाच. चौथ्या मजल्यावरच्या जयवंतीबाई खाली येईनाशा झाल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या रोज सकाळी यायच्या, भागूबाईजवळच्या स्टुलावर बसायच्या, अळूचे देठ सोलत दोन शब्द बोलायच्या. दिवसभरातलं त्यांचं बोलणं तेवढंच. आता आठ दिवस स्टूल रिकामं होतं. भागूबाई रोज एक जुडी ओल्या फडक्यात ठेवी आणि ती कोमेजून जाई. या सगळ्या थट्टामस्करीमुळे बाई रागावल्या, असं तिने मनाशी धरलं.

नवव्या दिवशी तिने टोपली क्षितिजाकडे सोपवली आणि जुडी घेऊन चौथा मजला गाठला. जयवंतीबाईंनी दार उघडलं आणि बघतच राहिल्या.

“भागू, तू आज येणार नव्हतीस ना?”

त्यांनी मोबाईल पुढे केला. पुण्याचा मुलगा, नणंद, भाचे, सगळ्यांनी गंमत म्हणून रोज सकाळी तोच फोटो धाडला होता. वरच्या ओळी बारीक, त्या चष्म्यातूनही दिसत नव्हत्या. दिसत होती ती भागू, तिचा पंजा, आणि ‘आज’. खिडक्या मागच्या अंगाला, फाटक दिसत नाही. भागूने सांगितलं म्हणजे खरंच, असं धरून त्या आठ दिवस घरात बसल्या होत्या.

भागूबाईने आपलाच चेहरा निरखून पाहिला.

“मी एका दिसाचं सांगलेलं, बाय. हा ‘आज’ काय सरंच ना.”

दोघी तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि देठ सोलू लागल्या.

आता भागूबाई सकाळी टोपली ठेवली की आधी इमारतीच्या मागे जाते. मान वर करून हाक देते, “जयवंतीबाय, आलीय गं मी.” खिडकीत पांढरं डोकं हलेपर्यंत ती जागची हलत नाही.

परवा क्षितिजा हाकेचा व्हिडिओ घ्यायला मागे गेली. भागूबाईने तिच्याकडे न बघताच पंजा वर केला. क्षितिजाने मोबाईल खिशात ठेवला आणि तीही खिडकीकडे बघत उभी राहिली.