टीव्हीवर आलेले हात

पडद्याच्या पलीकडे दोघे भाऊ भांडत होते आणि अलीकडे त्यांची आई नुकतीच गेली होती.

"बोटात अंगठी होती. सकाळी मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

"मग सकाळीच काढून घेतलीस की काय?"

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"माझ्यावर कशाला डाफरतोस? बायकोला विचार तुझ्या. उशाशी तीच बसली होती!"

हातात ओलं फडकं घेऊन एक पोरगी ते ऐकत उभी होती. वॉर्डात आया म्हणून लागून तिला आठच दिवस झाले होते. बाहेर जाऊन सांगावं तर काय सांगावं, अंगठी कुठं गेली ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिला हाताखाली घेऊन शिकवणाऱ्या जुन्या आयाने अंगठी नीट राहावी म्हणून कापसाच्या डब्यात ठेवली होती आणि पाळी संपल्यावर विसरून घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी अंगठी सापडली. भाऊ काही सापडले नाहीत. एक पुढच्या दाराने गेला होता, दुसरा मागच्या.

त्या दिवशी पोरीने स्वतःपुरता नियम केला. गेलेल्या माणसाच्या अंगावरचं जे असेल ते घरच्यांच्या समोर काढायचं, रुमालात बांधायचं आणि त्यांनी मागायच्या आत त्यांच्या हातात द्यायचं. मागायची वेळ आली म्हणजे आपल्याला उशीर झाला.

पण काढायचं म्हणजे सोपं नसतं. आजारी माणसाची बोटं सुजतात, अंगठी रुतून बसते. घरचे साबण लावतात, ओढतात, आणि मग आपल्याच माणसाची सोललेली कातडी बघून जन्मभर मनाला लावून घेतात. ही दोरा वापरायची. दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून आत सारायचं, बाकीचा दोरा बोटाच्या पेरावर घट्ट गुंडाळत जायचं. सूज दबते. मग आतलं टोक धरून दोरा हलक्या हाताने उलगडला की अंगठी एकेक वेढा करत आपली आपण बाहेर येते. कातडीवर ओरखडा नाही. एकतीस वर्षं तिच्या ॲप्रनच्या खिशात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ असायचं. सगळा दवाखाना तिला दोरामावशी म्हणायचा, आणि एकतीस वर्षांत तिच्या हातून कुणाचा मणीसुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता.

घरी या कामाचं कौतुक बेताचंच. मुलगा बरा होता, सूनबाईही वाईट नव्हती. पण मावशीने ताट वाढायला घेतलं की सूनबाई म्हणायची, "राहू द्या हो आई, दमून आलात." दमून आली नसली तरी म्हणायची. विहीणबाई तर आल्या की स्वतःचा पेला स्वतः विसळून घ्यायच्या. मावशी मनात सगळं समजायची.

मावशीच्या नोकरीचे चार महिने उरले होते तेव्हा टीव्हीवाले आले.

संध्याकाळी सातला एक दवाखान्याची मालिका लागायची. अर्धं गाव बघायचं. तिच्यातल्या डॉक्टरांना पेशंट सोडून सगळ्यांसाठी वेळ होता, आणि मरणारी माणसं केस विंचरून मरायची. ती मंडळी तळमजल्यावरच्या बंद वॉर्डात दोन दिवस चित्रीकरणाला आली. त्यांच्यातली एक चष्मेवाली मुलगी हातात कागद घेऊन वरच्या मजल्यावर येऊन विचारत बसली, "माणूस गेल्यावर तुम्ही नक्की काय काय करता हो मावशी?"

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मावशीने सगळं सांगितलं. डोळे कसे मिटायचे, हनुवटीखालून पट्टी कशी बांधायची, आणि शेवटी दोरा. मुलीचा चष्मा नाकावर घसरला. "अय्या! हे आम्हाला हवंय."

मावशीला खाली नेलं. आयाचं काम करणारी नटी होती, पण तिला दोरा काही जमेना. मग टोपीवाला साहेब म्हणाला, "चेहरा हिचा घेऊ, हात मावशींचे घेऊ." एक बाई पलंगावर मेलेली निजली होती, मधूनमधून शिंकत होती. मावशीने तिच्या बोटातली अंगठी काढली. एकदा नव्हे, पाचदा.

"आता ही कुठं ठेवता?" साहेबाने विचारलं.

"रुमालात. घरच्यांच्या समोर."

"आत्ता जरा खिशात टाका ना. हात मोकळा दिसायला पाहिजे."

मावशीने टाकली. मोठी माणसं, त्यांच्या कामातलं त्यांना कळतं. आपण कशाला खोडा घालायचा?

मग काय विचारता! लिफ्टवाला, चहावाला, धोबीखाना, औषधाची खिडकी, सगळीकडे सांगून झालं. "चेहरा नाही हो येणार माझा. पण अंगठ्यावरचा हा भाजल्याचा डाग बघा, म्हणजे ओळखाल." वॉर्डातल्या पेशंटांना सांगितलं, त्यांच्या नातेवाइकांना सांगितलं. घरी विहीणबाईंना मुद्दाम बोलावलं. आपण काय काम करतो हे एकदा यांना दिसू दे, एवढंच तिच्या मनात होतं. दिसलं म्हणजे त्या पेला विसळणार नाहीत.

त्या दिवशी सात वाजता सगळे टीव्हीसमोर. अर्धा भाग डॉक्टर आणि डॉक्टरीण गच्चीवर रुसण्यात गेला. मग जाहिराती. मग पलंग, आणि पलंगावर ती शिंकणारी बाई, आता गप्प.

"आजीचे हात!" नात ओरडली. "डाग बघ, डाग!"

पडदाभर हात होते. सूनबाई पुढे सरकून बघायला लागली. विहीणबाई म्हणाल्या, "किती हळुवार काढताय हो." मावशीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

अंगठी निघाली. पडद्यावर नटीचा चेहरा आला. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पुन्हा हात, अंगठ्यावरचा डाग, आणि अंगठी खिशात. मागे ढँण्ण करून वाजलं. दारात तरुण डॉक्टर उभा! "मेलेल्यांनाही सोडत नाहीस? किती जणांना लुटलंस आजवर?" नटी त्याच्या पायावर कोसळली आणि भाग संपला.

मुलगा म्हणाला, "मालिका आहे ती. मालिकेत काहीही दाखवतात."

"हो ना," सूनबाई म्हणाली आणि उठून टीव्ही बंद केला.

"आजी, तू खिशात का टाकलीस?" नातीने विचारलं.

"मी नाही गं, त्या बाईने..."

"पण डाग होता."

टाकली तर मावशीनेच होती. विहीणबाई जायला उठल्या तेव्हा चपला घालता घालता त्यांचा उजवा हात डाव्या हातातल्या बांगडीवर गेला. त्यांच्याही ध्यानात आलं नसेल. मावशीच्या आलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याने दार उघडलं आणि मनगट पाठीमागे लपवलं. "मावशी, घड्याळ आहे हो माझं!" ती हसली. चहावाल्यालाही हसली. तिसऱ्या ठिकाणी हसू येईना. हे लोक थट्टा करत होते, त्यांचं काही नव्हतं. पण वॉर्डातले नातेवाईक थट्टा करत नव्हते. मावशी चादर बदलायला गेली की एक मुलगी आपल्या आईचा हात स्वतःच्या मुठीत घेऊन बसायची.

आठवडाभर मावशीने एक भाग चुकवला नाही. ती आया निर्दोष निघेल, काहीतरी उलगडा होईल, या आशेवर. डॉक्टर आणि डॉक्टरीणच भांडत राहिले. शेवटी नातीकडून तिने चष्मेवालीला फोन लावून घेतला.

"मावशी! अहो, तुमचा प्रसंग किती गाजला माहितीये?"

"ती बाई सुटते का गं पुढं?"

"कोण बाई? आया होय? तिचं संपलं ना. एकाच भागापुरती होती ती."

पंधरा दिवसांनी मोठ्या सिस्टरनी बोलावून घेतलं. "मावशी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. काही हरवलेलं नाही, कुणी चोरीचं नाव घेतलेलं नाही. पण तीन घरच्या लोकांनी सांगितलं, त्या मावशींनी हात लावू नये म्हणून. लोकांच्या तोंडाला कुठं हात लावत बसू? यापुढे दागिने वॉचमन काढेल."

"त्याला जमतं का?"

सिस्टर कागद चाळत राहिल्या.

वॉचमनला जमत नव्हतं. बिचारा घाबरायचा, डोळे मिटून ओढायचा. मावशी पट्टी बांधायची, गेलेल्याचे डोळे मिटायची, अंग पुसायची, आणि बोटांपाशी आली की मागे सरकून उभी राहायची. तीन महिने ती अशी मागे उभी राहिली.

शेवटच्या दिवशी दुपारी वॉर्डात पेढ्याबिढ्याचं काही नव्हतं. सिस्टरनी एक शाल आणली होती, ती पाच वाजता द्यायची ठरली होती. तीन वाजता खिडकीजवळच्या म्हाताऱ्या शिंपीणबाई गेल्या. महिनाभर होत्या. मावशीला म्हणायच्या, "तुझ्या ॲप्रनची शिवण कुणी घातली गं? हात मोडला होता काय त्याचा?" बोटात पातळ झालेली अंगठी, सुजेत पार बुडालेली.

वॉचमनने साबण लावला, ओढली, पुन्हा ओढली. घाम पुसत मावशीकडे बघितलं. मावशीने शिंपीणबाईंच्या मुलाला हात जोडले.

"दादा, दोन मिनिटं द्या. तुमच्या समोर काढते. तुम्ही माझा हात धरून ठेवा हवं तर."

मुलगा रडून लाल झाला होता. वाईट माणूस नव्हता तो. तिच्या अंगठ्यावरच्या डागाकडे त्याची नजर गेली आणि तिथेच थांबली.

"नको. तुम्ही नको. कापा ती."

दुरुस्तीखात्यातून कातर आणली. कट् असा बारीक आवाज झाला. अंगठीचे दोन तुकडे वॉचमनने कागदात गुंडाळून मुलाला दिले, दोन सह्या घेतल्या. बोटावर कातरीची लाल रेघ उमटली होती. मावशीने ती ओल्या कापसाने टिपली आणि हात चादरीखाली सारला.

मग तिने ट्रॉली घेतली. शीतघर तळमजल्यावर, लांब उताराच्या टोकाला. उतार लागायच्या आधी तिने ट्रॉली फिरवली, पाय पुढे, डोकं आपल्याकडे. वाऱ्याने चादर उडू नये म्हणून एक कोपरा मुठीत धरला. "आता उतार आहे हं बाई," ती म्हणाली, "आता उंबरा येईल, थोडं हलेल." खडबडत चाक उंबऱ्यावरून गेलं.

शीतघराच्या माणसाने वही पुढे केली. मावशीने नाव तपासलं, पायाच्या अंगठ्याची चिठ्ठी तपासली, एकेक अक्षर लावत सही केली, भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ घातली. मग रिकामी ट्रॉली ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसली आणि पुढच्या पाळीला लागेल म्हणून उतारावरून वर ढकलत नेली.