काळ्या जोडीचं पांढरं पिल्लू

मामंजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुरोंडीच्या बाजारात बांगडा मासळीची टोपली उतरवत होते. खरं सांगते, रडू नाही आलं. पहिला विचार आला तो हा, की सुटले बाई एकदाची त्या नजरेतून.

माझे सासरे झुंजीच्या कोंबड्यांची जात राखायचे. झुंजी कधीच्या बंद झाल्या, तरी नाद गेला नाही. पिल्लू अंड्यातून आलं की तळहातावर घेऊन पाठीवरचे पट्टे बघायचे, पायांचा रंग बघायचे. "बाप कोण तो पिल्लूच सांगतंय," म्हणायचे. आणि माझा ओंकार जन्मला तो गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा. आम्ही नवराबायको दोघंही तव्याच्या बुडासारखी! नवरा जहाजावर, त्यानं पोर पहिल्यांदा पाहिलं ते फोनवर. मामंजींनी मात्र बाळाला हातात घेऊन उजेडाकडे धरलं, आणि बराच वेळ बघितलं… जळ्ळं मेलं ते बघणं! मी त्याच दिवशी ओळखलं.

महिनाभरात त्यांनी परसात वेगळं खुराडं बांधलं, वरून जुनं जाळं ताणलं, दाराला कुलूप. आत एक काळा कोंबडा आणि अजून अंड्यावर न आलेली काळी तलंग. पुढे अंडी आली, तर प्रत्येकावर कोळशाची खूण. आता कोंबडीच्या चारित्र्यावरही पहारा, असं मी शेजारणीला म्हटलंसुद्धा. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. सात काळी, दोन फिकट. त्या दोघांना पिसं फुटली ती पांढरीशुभ्र. मामंजींनी त्यातलं एक उचललं आणि लेकाला फोन लावला. मी दाराआड कान देऊन उभी.

"बग. बाप काला, आय काली, आन तिसरा कोण आत गेला नाय. रंग दोघांच्या पोटात लपलेला असतो रे, दोघांकडचा जुळला की वर येतो. तुजी पणजी घारी होती. हिच्या माहेरीपण असंल कोन."

म्हणजे माझ्या शब्दावर नाही, कोंबडीवर विश्वास! अंगाचा तिळपापड झाला. त्यानंतर अकरा वर्षं मी त्यांचं सगळं वेळेवर केलं, पण कामापुरतंच बोलले. एकदा न राहवून विचारलं, "मामंजी, कोंबडीनं साक्ष दिली तेव्हाच तुमचं समाधान झालं ना?" ते तांदळाची कणी टाकत होते. मान वर न करता म्हणाले, "असूं दे तसां, सूनबाय."

बाराव्याला पाहुणे पांगल्यावर नवरा स्वयंपाकघरात आला नि भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. म्हणाला, "संशय बाबांचा नव्हता. माझा होता. मीच फोनवर विचारलं होतं, पोर कुणावर गेलंय… बाबा मला खूप बोलले. आणि म्हणाले, तिला यातलं अक्षर कळता नये. तिचा राग माझ्यावर असू दे, मी म्हातारा माणूस, आज ना उद्या जाणार. तुला तिच्यासोबत जन्म काढायचाय."

तेव्हा मी रडले. बारा दिवसांचं नाही, अकरा वर्षांचं रडले.

आता सकाळी खुराडं मीच उघडते. कणी टाकते आणि तिथेच बसून मामंजींशी बोलते, राहिलेलं सगळं. नवरा रजेवर आहे. मागच्या दारात येऊन उभा राहतो नि विचारतो, "कोणाशी बोलतेस एवढं?"

मी सांगत नाही. राहू दे त्याला थोडा संशय.